दर्याचा पहारा

मालवण, नोव्हेंबर १६६४

मालवणच्या किनाऱ्यावर तुम्ही उभे आहात आणि समोर सिंधुदुर्ग नाही. पाण्यात आहे ते नुसतं खडपाळ कुरटे बेट. लाट फुटते, पांढरा फेस वर चढतो, ओसरतो आणि पुन्हा काळा कातळ दिसू लागतो. आज २५ नोव्हेंबर. किनाऱ्यावरच्या एका मोठ्या धोंड्याशी गणेशाची पूजा नुकतीच झाली आहे. लोक पुढे त्याला मोरयाचा धोंडा म्हणतील. शिवाजी महाराज स्वतः हजर आहेत. तुम्हाला मात्र इथे पाहुणा म्हणून कुणी बोलावलेलं नाही. तुमच्या डोक्यावर चुन्याची पाटी आहे आणि मागचा गवंडी ‘चल, पाय उचल’ म्हणून ओरडतो आहे.

होडीत बसा. किनाऱ्यापासून बेट फार लांब नाही, पण सरळ जाता येत नाही. पाण्याखाली खडक आहेत, आणि ते कुठे आहेत हे फक्त वल्हं मारणाऱ्याला माहीत आहे. तुम्ही डोळे बारीक करून पाण्यात खडक शोधता तेव्हा तो हसतो. ‘खडपां मोजू नको रे झिला. पाणी खंय फुटता ता बघ.’

या एका वाक्यात किल्ल्याची जागा निवडण्यामागचा निम्मा विचार आला. मोठं जहाज इथे जवळ येऊच शकत नाही. आलं तर फुटेल. ज्याला वाट ठाऊक आहे त्याची छोटी होडी मात्र रात्रीसुद्धा निर्धास्त ये-जा करील. बेटावर गोड्या पाण्याच्या विहिरीही निघतील: दूधबाव, दहीबाव, साखरबाव.

उरलेला निम्मा विचार उत्तरेकडे, जंजिऱ्यात आहे. राजपुरीच्या खाडीतला सिद्दीचा तो किल्ला पडत नाही. सिद्दी कोकणपट्टीत उतरतो, गावं लुटतो, माणसं धरून नेतो. दक्षिणेला गोव्यात पोर्तुगीज, वेंगुर्ल्याला डच, सुरतेला इंग्रज. प्रत्येकाकडे जहाजं आहेत. ज्याच्या किनाऱ्यावरून ही जहाजं जातात त्याच्याकडे आठ वर्षांपूर्वी एकही लढाऊ गलबत नव्हतं. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आली, तिथल्या खाडीत जहाजबांधणी सुरू झाली. त्या कामावर पोर्तुगीज कारागीरही होते, रुई लैतांव व्हिएगस त्यांचा प्रमुख. १६५९ मध्ये पोर्तुगीजांनी त्यांना फितवलं आणि ते निघून गेले. काम थांबलं नाही. कोकणातले सुतार ते बघता बघता शिकले होते.

पाटी उतरवा. किल्ला बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांची माणसं पायाशी शिसं ओतण्याची तयारी करत आहेत, कारण इथे नुसत्या चुन्यावर भिंत टिकणार नाही. हे काम तीन वर्षं चालेल. तुम्हाला एवढा वेळ नाही. जाता जाता एवढं लक्षात ठेवा की फेब्रुवारी १६६५ मध्ये महाराज याच मालवणातून तीन मोठी जहाजं आणि पंच्याऐंशी गलबतं घेऊन निघतील आणि दक्षिणेला बसरूरवर जाऊन धडकतील. किल्ला अजून अर्धाही उठलेला नसेल, आणि तोवर आरमार त्याच्या आसऱ्याने मोहिमेवर जाऊन परतही येईल.

थळ, ऑक्टोबर १६७९

आता अंधार आहे. हातात वल्हं आहे, तळव्यांना फोड आले आहेत. तुमच्या गलबताच्या पोटात तांदळाची पोती, पाण्याची पिंपं, चुना आणि दगड भरलेत. थळचा किनारा मागे राहिला. समोर कुठेतरी खांदेरीचं बेट आहे, आणि तुमच्या व खांदेरीच्या मध्ये इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं नांगर टाकून बसली आहेत.

‘वल्हं बुडव, आपटू नको,’ शेजारचा कोळी कानाशी पुटपुटतो. तंबाखूचा आणि सुक्या मासळीचा वास एकदम नाकात जातो.

ऑगस्टमध्ये, पाऊस अजून ओसरलेला नसताना, महाराजांचा आरमारी सरदार मायनाक भंडारी माणसं घेऊन या बेटावर उतरला आणि तट बांधायला लागला. मुंबईकर इंग्रजांची झोप उडाली. खांदेरीवर उभं राहिलं की मुंबईच्या बंदरात जाणारं-येणारं प्रत्येक शीड दिसतं. त्यांनी आधी निरोप धाडले, मग जहाजं धाडली. सप्टेंबरमध्ये त्यांचा लेफ्टनंट फ्रान्सिस थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि तिथेच मारला गेला.

शेजारचा कोळी आठवड्यापूर्वीची, १८ ऑक्टोबरची लढाई सांगतो. पहाटे आपला आरमारी सरदार दौलतखान याची पन्नास-साठ गलबतं नागावच्या बाजूने आली. वारा पडलेला होता. वारा पडला की इंग्रजांचं जहाज आहे तिथे डुलत राहतं. आपलं गलबत वल्ह्यावर चालतं, त्याला वाऱ्याची भीक मागावी लागत नाही. इंग्रजांची छोटी जहाजं पांगली, ‘डव्ह’ नावाची गुराब माणसांसकट हाती लागली. ‘रिव्हेंज’ हे मोठं जहाज मात्र हटलं नाही. त्याच्या तोफांपुढे आपली गलबतं टिकली नाहीत आणि नागावच्या खाडीत परतली. इंग्रज म्हणाले, जिंकलो.

‘मग आपण हरलो?’ तुम्ही विचारता.

‘आता काय करतोयस?’ तो म्हणतो.

तुम्ही वल्हं मारत आहात. इंग्रज जहाजावरचा कंदील डाव्या हाताला लांबवर मिणमिणतो. तुमचं गलबत उथळ पाण्यावरून, भरतीच्या ओढीने, त्याच्या पाठीमागून सरकतं. थोड्या वेळाने तळाला वाळू लागते, अंधारातून हात पुढे येतात आणि पोती उतरायला लागतात. रोज रात्री हेच. रिव्हेंजच्या तोफा दिवसा कितीही गाजल्या तरी रात्री तांदूळ पोहोचतोच, आणि तांदूळ पोहोचतो तोवर भिंत वाढते. १६८० च्या सुरुवातीला इंग्रज वेढा उठवून परत जातील. बलाढ्य आरमाराशी बरोबरी करण्याची गरज नसते. त्याला घेता येणार नाही अशी जागा आणि तोडता येणार नाही अशी रसद, एवढं पुरतं.

पण लगेच हुरळून जाऊ नका. खांदेरीच्या शेजारी उंदेरी आहे. जानेवारी १६८० मध्ये सिद्दी कासम तिथे येऊन बसेल आणि दोन बेटांवरच्या तोफा पुढे कित्येक वर्षं एकमेकींना उत्तर देत राहतील.

विजयदुर्गासमोर, १७१६

या वेळी तुम्ही वल्हेकरी नाही, नाखवा आहात. मलबारातून मिरी आणि नारळ भरून तुमचं शिबाड सुरतेकडे निघालं आहे. वारा चांगला आहे, मन चांगलं नाही. कारण वाघोटनच्या खाडीच्या तोंडाशी दोन शिडं दिसली आहेत आणि ती तुमच्याच रोखाने येत आहेत.

गुराब ओळखायला चुकू नका. तिची नाळ लांब, पाण्यावर पुढे झुकलेली, आणि त्या नाळेवरच तोफा समोर तोंड करून. मोठं युरोपीय जहाज कुशीतून तोफ डागतं, म्हणून त्याला आडवं व्हावं लागतं. गुराब पाठलाग करता करता डागते. तिच्या मागून वल्ह्यांची गलबतं येतात. वारा पडला तर तीच तिला ओढून नेतात, गाठ पडली तर तीच माणसं चढवतात. पळून उपयोग नाही. शीड उतरवा.

वर चढलेला माणूस वयाने लहान आहे, पण त्याला घाई नाही. ‘नाखवा, दस्तक?’

तुम्ही पेटी उघडता. आत पोर्तुगीजांचा कार्ताझ, म्हणजे परवाना आहे. मुंबईच्या एका इंग्रजाकडून पैसे देऊन घेतलेलं निशाण आहे, म्हणजे जहाज इंग्रजांचं म्हणून सुटावं. नाही ते एवढंच, मराठ्यांच्या आरमाराचे प्रमुख, सरखेल कान्होजी आंग्रे यांचं दस्तक.

पोरगा निशाणाची घडी उलगडून बघतो. ‘माल कुणाचा?’

माल तुमच्या सावकाराचा, सावकार सुरतेचा. इंग्रजांचं यात कापडाचं एक फडकं आहे. भांडण नेमकं इथेच आहे. १७१३ मध्ये कान्होजी आणि कंपनी यांच्यात ठरलं होतं की इंग्रजांच्या जहाजांना आंग्रे धक्का लावणार नाहीत, आणि इंग्रज आपलं निशाण आपल्याच व्यापाऱ्यांच्या जहाजांवर लावतील. मुंबईत निशाण विकायचा धंदा थांबला नाही, विजयदुर्गात जहाजं पकडायची थांबली नाहीत. दोन्हीकडून करार मोडल्याच्या तक्रारी झाल्या. १७१५ च्या अखेरीस मुंबईचा गव्हर्नर म्हणून आलेला चार्ल्स बून कान्होजींना सरळ चाचा म्हणतो.

तुम्ही नाखवा आहात, तुम्हाला चाचा कोण आणि सरखेल कोण यात रस नाही. तुमचं गणित साधं आहे. पोर्तुगीज दोनशे वर्षं हेच करत आले आहेत: परवाना घ्या, नाहीतर जहाज जप्त. इंग्रज निशाण विकतात तेही हेच. कान्होजी म्हणतो, या किनाऱ्याचे किल्ले मी राखतो, पहारा माझी गलबतं देतात, तर दस्तकाचा पैसा माझा. यात दम आहे. पण तुमच्या पेटीतून तिघेही पैसे काढतात, आणि चौथा सिद्दी अजून वाटेत भेटायचा आहे, हेही खरंच.

शिबाड विजयदुर्गात नेलं जातं. तीन तटांचा तो डोंगरासारखा किल्ला, आतल्या खाडीत नांगरलेल्या गुराबा, त्यापलीकडे गिर्याच्या गोदीत सुतारांची ठोकठोक. मालाची मोजदाद होते, रक्कम ठरते, दस्तक मिळतं. महाग पडलं. पण कागद हातात आल्यावर तोच पोरगा सांगतो की इथून वर जाताना आमची जहाजं तुला अडवणार नाहीत, अडचण आली तर आमच्या बंदरात ये. त्याच काळात रामचंद्रपंत अमात्य आज्ञापत्र लिहून ठेवत आहेत. आरमार हे राज्याचं स्वतंत्र अंग आहे, कौल घेतलेल्या सावकारांच्या तरांड्यांना उपद्रव होता कामा नये, जहाजांसाठी लाकूड हवं असलं तरी रयतेच्या आंबा-फणसाला हात लावू नये, जुनं झाड लागलंच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं, हे सगळं त्यात आहे. समुद्राचं धोरण फणसाच्या झाडापर्यंत उतरवणारा हा विचार आहे. किल्ला, जहाज, परवाना आणि ज्याच्या परसातलं लाकूड लागतं तो माणूस, सगळं एकाच हिशोबात धरलेलं.

कुलाबा, डिसेंबर १७२१

इथे जास्त थांबायचं नाही, पण आल्याशिवाय पुढचा मुक्काम कळणार नाही. अलिबागच्या वाळूवर तुम्ही घोड्यावर आहात, हातात भाला. तुमचे सरदार पिलाजी जाधव. समोर कान्होजींचा कुलाबा किल्ला, ओहोटीला चालत जाता येईल इतका जवळ. त्याला समुद्राकडून कमोडोर मॅथ्यूजची इंग्लंडच्या राजाची जहाजं आणि जमिनीवरून इंग्रज-पोर्तुगीजांची एकत्र फौज लागली आहे. गोव्याचा व्हाइसरॉय स्वतः आला आहे.

तटाला शिड्या लागतात, इंग्रज खलाशी वर चढतात, आणि त्याच वेळी तुमचा जमाव पोर्तुगीजांच्या अंगावर जातो. त्यांची फळी फुटते, ती पळते तसे इंग्रजही तोफा टाकून मागे फिरतात. घोडेस्वाराचा भाला खुद्द मॅथ्यूजच्या मांडीत शिरतो. पाठोपाठ पेशवे बाजीराव येतात. जानेवारीत पोर्तुगीज वेगळा तह करून मोकळे होतात आणि मॅथ्यूज त्यांच्या नावाने बोटं मोडत निघून जातो.

नीट पाहून ठेवा. दर्यातला किल्ला आज वाचला तो घोडदळामुळे. १७१३ च्या सुमारास पेशवा झालेल्या बाळाजी विश्वनाथाने कान्होजींना साताऱ्याच्या छत्रपती शाहूंच्या बाजूला आणलं, तेव्हापासून सातारा आणि कुलाबा एका बाजूला होते. सागरातलं बळ आणि घाटावरचं बळ एकत्र आलं की दोन युरोपीय सत्तांची युतीसुद्धा माघारी फिरते.

विजयदुर्ग, फेब्रुवारी १७५६

विजयदुर्गाच्या बुरुजावर तुम्ही गोलंदाज आहात. कान्होजींना जाऊन जवळपास सत्तावीस वर्षं झाली. मुलांत फूट पडली, १७३५ मध्ये दौलत वाटली गेली, कुलाब्याला मानाजी, इकडे संभाजी आणि त्याच्यानंतर तुळाजी. तुळाजी शूर आहे आणि कुणाचं ऐकत नाही. पेशव्यांना तो जुमानत नाही, शेजारच्या मराठी सरदारांच्या मुलखातही घुसतो. डचांची जहाजं त्याने उडवली, इंग्रजांना त्याने घाम फोडला. पुण्यात पेशवे नानासाहेबांनी ठरवलं की याला मोडायचं, आणि मोडायला आरमार लागतं. ते त्यांनी मुंबईकडून मागितलं. मार्च १७५५ मध्ये करार झाला. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला.

आता ११ फेब्रुवारी. क्षितिजावर ॲडमिरल वॉटसनची जहाजं. ‘केंट’, ‘कंबरलंड’, ‘टायगर’. एवढ्या तोफांची जहाजं तुम्ही आयुष्यात पाहिलेली नाहीत. पण तुम्ही मान वळवून जमिनीकडेही बघा. तिकडे पेशव्यांच्या रामाजी महादेवाची फौज आहे, भगवी निशाणं आहेत, भाषा तुमचीच आहे. तुळाजी त्यांच्याकडेच बोलणी करायला गेला आहे. कुलाब्याला धावून आलेलं घोडदळ इथेही आलं आहे, फक्त तोंड तुमच्याकडे करून.

१२ तारखेला दुपारी मारा सुरू होतो. तटाला फारसं काही होत नाही, विजयदुर्ग तसा दणकट आहे. पण एक पेटता गोळा खाडीत उभ्या असलेल्या ‘रेस्टोरेशन’वर पडतो. हे जहाज एकेकाळी इंग्रजांकडूनच पकडलेलं. ते पेटतं, शेजारची गुराब पेटते, मग तिच्या शेजारची. जहाजं एकमेकांना बांधून ठेवलेली, दोर तोडायला वेळ नाही. डांबर, लाकूड, दारू, सगळं एकदम. संध्याकाळपर्यंत आंग्र्यांचं आरमार जळून जातं. पिढ्यान् पिढ्यांच्या सुतारांनी, कोळ्यांनी, भंडाऱ्यांनी जे उभं केलं ते एका दुपारीत संपतं.

रात्री इंग्रजांचा एक अधिकारी किनाऱ्यावर माणसं उतरवतो आणि किल्ला व रामाजीची फौज यांच्या मध्ये येऊन बसतो. किल्ला मराठ्यांच्या हाती जाऊ द्यायचा नाही, एवढीच त्याची काळजी. त्याचं नाव रॉबर्ट क्लाइव्ह. १३ तारखेला विजयदुर्ग पडतो. सुमारे दहा लाखांची लूट इंग्रज आपसांत वाटून घेतात. किल्ला पेशव्यांना द्यायचं ठरलेलं असतं, तो बाणकोट पदरात पाडून घेऊन ऑक्टोबरच्या तहानंतर सोडतात. तुळाजी कैदेतच मरतो.

सोळा महिन्यांनी, जून १७५७ मध्ये, हाच क्लाइव्ह प्लासीत उभा असेल, आणि त्याआधी कलकत्ता परत घ्यायला त्याला घेऊन जाईल हाच वॉटसन.

पेशव्यांनी पुढे आरमार उभं केलं नाही असं नाही. त्यांच्या आरमाराच्या आनंदराव धुळपांनी एप्रिल १७८३ मध्ये इंग्रजांची ‘रेंजर’ पकडली. पण कोकणच्या दर्यात कुणाचं दस्तक चालणार, हा प्रश्न मात्र विजयदुर्गाच्या खाडीतच निकाली निघाला होता.

ससून डॉक, आज

शेवटचा मुक्काम. पहाटेचे चार. तुम्ही मुंबईच्या ट्रॉलरवर खलाशी आहात. बर्फ भरून झाला, डिझेल भरून झालं, आणि बंदरावरचा माणूस तुमचं ओळखपत्र बघतो. बोटीचा नोंदणी क्रमांक, तिच्यावरचा रंग, तांडेलाचं नाव, किती माणसं. उशीर होतोय म्हणून तांडेल चडफडतो.

हे सगळं २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यानंतरचं आहे. त्या रात्री आलेले दहा हल्लेखोर समुद्रात पळवलेल्या ‘कुबेर’ या मच्छीमार बोटीने मुंबईजवळ आले आणि रबरी होडीतून कफ परेडच्या मच्छीमार नगरात उतरले. हजारो बोटींच्या गर्दीत एक बोट कुणाची, याची नोंद कुणाकडेच धड नव्हती. नौदल, तटरक्षक दल, सागरी पोलीस, मत्स्य विभाग, सीमाशुल्क, प्रत्येकाचा समुद्र वेगळा होता. २००९ मध्ये सागरी सुरक्षेची एकूण जबाबदारी नौदलाकडे आली, संयुक्त केंद्रं उभी राहिली, किनाऱ्यावर रडार आले, मच्छीमारांना ओळखपत्रं मिळाली. २०१४ मध्ये सगळी माहिती एकत्र बघणारं केंद्र सुरू झालं, तेही समुद्रापासून लांब, गुरुग्रामला. २०१८ पासून तिथेच भागीदार देशांबरोबर जहाजांची माहिती वाटून घेणारं दुसरं केंद्र आहे. २०२२ मध्ये नौदलाच्या ध्वजावर शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन आला.

ध्वज बदलायला एक दिवस पुरतो. ज्या गोष्टींवर तो फडकतो त्या मात्र या प्रवासात तुम्ही स्वतःच्या हातांनी केल्या आहेत: पाटी वाहिली, वल्हं मारलं, दस्तकासाठी पैसे मोजले, बुरुजावर तोफ भरली. किनारपट्टीची सुरक्षा मोठ्या जहाजांवर जेवढी अवलंबून असते तेवढीच खडकांतली वाट ठाऊक असलेल्या कोळ्यावर आणि दर्या राखणाऱ्याच्या मागे राजधानी उभी आहे की नाही यावरही. मुंबईच्या मच्छीमाराला ओळखपत्र दाखवायला सांगणाऱ्या सरकारने त्याच्या तक्रारी ऐकायलाही बसलं पाहिजे. किनाऱ्यावरचा पहिला पहारेकरी तोच आहे. विजयदुर्ग वॉटसनच्या तोफांनी पडला असं पाठ्यपुस्तकं सांगतात. तो पडला पुणे आणि विजयदुर्ग यांच्यातल्या वैरामुळे; वॉटसनला फक्त बोलावणं गेलं होतं.